मशीनच्या आतली चिठ्ठी

बाबा, कॉफीच्या मशीनच्या आत मी जी चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यातली एक ओळ खोटी आहे. ती नजरचूक नाही. लिहिताना मला खरं काय ते ठाऊक होतं. तुम्ही लिहायचात त्याच क्रमाने मी लिहिलं. दोष: एलिमेंट जळालेला. कारण: खाऱ्या पाण्याचा थर. काम: नवीन एलिमेंट, नवीन फ्यूज, नवीन वायसर. खाली सही आणि तारीख. दोष खरा आहे, काम खरं आहे, सही माझीच आहे. कारण मात्र ते नव्हे. एलिमेंट काढून हातात घेतला तेव्हा त्यावर थर होता तो जेमतेम नखाने खरवडण्याइतका, आणि नळी एका बाजूने निळी-काळी पडून फुगली होती. पाण्याशिवाय तापलेला एलिमेंट कसा दिसतो हे तुम्ही मला मी नऊ वर्षांची असताना दाखवलं होतं. तेव्हा ही चूक आधी तुम्हाला सांगते, बाकीचं मग.

हे मशीन तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हा मी सोळाची होते, आणि आपल्या घरात कॉफी फक्त परीक्षेच्या दिवसांत व्हायची. दादा बेंगळुरूला नोकरीला होता, तिथे त्याने हे घेतलं. दोन वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला तेव्हा जाताना झाशीला आणून आईच्या ओट्यावर ठेवलं. रेल्वेचं क्वार्टर सोडल्यापासून आम्ही प्रेम नगरात दोन खोल्यांत राहतो. ओटा लहान आहे, मशीनसाठी पोळपाट-लाटणं फडताळात गेलं. पहिल्या दिवशी दादाने कप भरून दिला तेव्हा आई म्हणाली, “मेहनत घोड्याची आणि पाणी चिमणीचं. एवढंसं प्यायला एवढा गडगडाट कशाला रे?” पण महिन्याभरात तिला त्याची सवय लागली. चार वाजले की ती पदर खोचून मशीनसमोर उभी राहायची, दिवा हिरवा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची, आणि मी घरी असले तर कॉफी उतरायला लागली की मला हाक मारायची. शेजारच्या मावशींना तिने दाणे कसे दळायचे ते शिकवलं. टाकीत पाणी भरणं, ती धुणं, सगळं तीच करायची. साठीच्या पुढे माझी आई एक नवीन यंत्र चालवायला शिकली, बाबा, आणि मला वाटायचं, तुम्ही हे बघायला हवं होतंत.

मशीन बिघडलं त्या गुरुवारी मला सुट्टी होती. आई देवळात गेली होती. मी मशीन साफ करायला घेतलं. टाकी काढून धुतली, आणि बॉयलरमधलं उरलेलं पाणी काढून टाकावं म्हणून वाफेचं बटण चालू करून वाफेची नळी उघडी ठेवली. तेवढ्यात लॅबमधून फोन आला. मी सीपरी बाजारातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट तपासते, आकडे नावांशी जुळतात की नाही ते बघते आणि सही करते. आदल्या दिवशीच्या एका रिपोर्टबद्दल विचारायचं होतं. मी कधीच नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणून फोन ठेवू शकत नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन वही उघडली, फोनवरच्या मुलीकडून नंबर दोनदा वाचून घेतला, एकदा मी वाचून दाखवला. रिपोर्ट बरोबर होता. मी स्वयंपाकघरात परत आले तेव्हा मशीन गप्प होतं आणि गॅसवर रिकामी कढई विसरल्यासारखा वास येत होता. मी प्लग काढला, खिडकी उघडली आणि टाकी पाणी भरून जागेवर ठेवली. का ठेवली? आई यायच्या आत सगळं नेहमीसारखं दिसावं म्हणून. खोटेपणा तिथेच सुरू झाला होता. चिठ्ठी नंतरची.

चारला आईने बटण दाबलं. दिवा लाल तो लालच. तिने मला हाक मारली, मी येऊन बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, “हीटर गेलेला दिसतोय.” रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. तो हसतच होता. “आई, खरं सांग. नळाचं पाणी घातलंस ना? झाशीचं पाणी म्हणजे चुनखडी. तुला सांगितलं होतं, फिल्टरचंच घाल.” आई म्हणाली, “घातलं रे. दोन-तीनदा घातलं. लाइट नव्हती, फिल्टर बंद होता, म्हटलं एका दिवसाने काय होतंय.” दादा म्हणाला, “हो गया काम. आता शोकेसमध्ये ठेव.” तो चेष्टा करत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. आई पण हसली. मी तिच्या शेजारी बसले होते, पडद्यावर माझा चेहरा अर्धा दिसत होता. बोलायला जागा होती. दादा बोलायचा थांबला होता, आई चष्मा पुसत होती. मी म्हटलं, “मी दुरुस्त करते.” इतकंच.

एलिमेंट मागवला, तो अकरा दिवसांनी आला. वायसर आणि वायरींवर चढवायची तापमान सोसणारी नळी मात्र इथेच शोधायला हवी होती, म्हणून सीपरीतल्या त्या दुकानात गेले जिथे तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचात. दुकानदार म्हातारे झालेत, पण गल्ल्यामागे तेच बसतात. मी आलेला नवा एलिमेंट कागदातून काढला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “जौ गीजर को तौ नइयां, बिटिया. काय को है?” कॉफीच्या मशीनचा आहे म्हटल्यावर हसले. “इते तौ कोऊ नईं सुधारत. दिल्ली भेज देतीं.” मी म्हटलं, मी स्वतःच करणार आहे. मग त्यांनी मला नीट पाहिलं. “फिटर साब की बिटिया हौ न?” आणि आत गेले, चार आकारांचे वायसर आणून काचेवर मांडले, आणि मी ते एकेक करून लावून बघत होते तेव्हा आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, “तुमाए बाबूजी की पर्ची अब लौं निकरत है पंखन में सें. उनने लिख दई तौ हम दुबारा जाँचत नइयां. सीधे उतई हाथ डारत हैं.” म्हणजे चौदा वर्षांनंतरही झाशीतल्या कुणाच्या तरी छताचा पंखा उतरवला जातो, आत तुमचं अक्षर निघतं, आणि तुम्ही लिहिलं आहे म्हणून तो माणूस पुन्हा तपासत नाही. मला अभिमान वाटला, आणि तो मनात नीट मावायच्या आधी भीतीही वाटली, कारण माझ्या पिशवीत एक कोरी चिठ्ठी होती आणि तिच्यावर काय लिहायचं हे मी रस्त्यातच ठरवून आले होते.

मी तुमच्याकडून मराठी लिहायला शिकले ते या चिठ्ठ्यांवरच. शाळा हिंदी, खेळायला हिंदी, बाजारात बुंदेली. मराठी फक्त तुमच्या आणि आईच्या तोंडून यायची. रविवारी कॉलनीतलं कुणीतरी इस्त्री, पंखा, शेगडी घेऊन यायचं. तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचात, मला शेजारी बसवायचात, आणि शेवटी पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणायचात, “लिही.” माझे पहिले मराठी शब्द दोष, कारण आणि काम. चिठ्ठी पारदर्शक टेपमध्ये गुंडाळून तुम्ही झाकणाच्या आतून लावायचात, नेहमी थंड बाजूला, म्हणजे कागद करपणार नाही. आई वैतागायची. “आत कोण बघणार आहे? लोकांना पंखा फिरला म्हणजे झालं.” तुम्ही म्हणायचात, “पुढचा उघडेल तो बघेल.” हा पुढचा कोण, हे मला तेव्हा कळत नसे. मला वाटायचं, असा एखादा माणूस असतो, त्याचं नावच पुढचा, आणि तुम्ही त्याला फार घाबरता.

मग विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तुम्ही मला रेल्वेच्या कारखान्यात नेलं. त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी आठ वर्षांची, आईने दोन वेण्या घट्ट घातलेल्या, आणि समोर माझ्यापेक्षा उंच विजेच्या मोटारी, प्रत्येकीला झेंडूची माळ. प्रसादाच्या बुंदीने हात चिकट झाले आहेत आणि तुम्ही मला एका मोटारीला तारेने बांधलेला पुठ्ठा वाचायला सांगता. मी अडखळत वाचते. हिंदी आहे, पण क्रम तोच: दोष, कारण, काम, सही. तुमच्यासोबतचे एक काका हसतात. “देखो, मास्टरजी मोटर की कुंडली लिखते हैं. अरे बिटिया, हम सब लिखते हैं ‘पुराना हो गया था’, और साहब खुश. ये अकेले सच लिखते हैं, इसीलिए प्रमोशन नहीं होता.” तुम्ही बुंदीचा दाणा तोंडात टाकत म्हणता, “पुराना तो मैं भी हो गया हूँ. मेरी पर्ची पर भी यही लिख देना.” सगळे हसतात. परत येताना तुम्ही मला तुमच्या डाव्या अंगठ्यावरचा पांढरा डाग दाखवलात. तो मी रोज बघायचे. मला वाटायचं, तो जन्मापासूनचा. तुम्ही म्हणालात, कुणीतरी लिहिलं होतं ‘विजेची लाइन बंद केली आहे’, आणि केली नव्हती. कोणी, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी विचारलं, तुम्ही रागावलात का? तुम्ही म्हणालात, “त्याला वाटलं असेल, कोण बघतंय.”

मशीन मी शनिवारी संध्याकाळी उघडलं. तुम्हाला आवडलं असतं. प्लग काढून तो माझ्या समोर, मला दिसेल असा ठेवला. वायरी सोडवायच्या आधी त्यांचा फोनवर फोटो घेतला; तुम्ही अशा वेळी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढायचात. बॉयलरचे तीन स्क्रू सुटले, चौथा हलेना. मी तेलाचा थेंब सोडून बाजूला बसले, कारण तुमचा आवाज ऐकू आला: स्क्रूशी भांडायचं नाही, तो आपल्याआधी तिथे आलाय. वीस मिनिटांनी तो सुटला. तुम्ही मला बाराव्या वाढदिवसाला दिलेला तुमचा काट्याचा मीटर मी लावला. तुम्हाला आठवतं का, मी त्या दिवशी रडले होते, कारण मैत्रिणीला फ्रॉक मिळाला होता? जुन्या एलिमेंटवर काटा जागचा हलला नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. जास्त तापलं तर वीज तोडणारा एक छोटा फ्यूज असतो, तोही गेला होता. तो आपलं काम करून गेला, पण उशिरा. तो एलिमेंटसोबतच मागवला होता, तोही बदलला. नव्या एलिमेंटवर काटा पन्नास ओहमच्या जरा पुढे जाऊन थांबला, आणि एक टोक बॉडीला लावलं तेव्हा मुळीच हलला नाही, म्हणजे बॉडीत वीज उतरणार नव्हती. वायसर बसवून स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. आधी पंपाने पाणी भरलं, नळीतून धार येईपर्यंत, मग कोरडा कागद खाली ठेवून गळतंय का बघितलं, आणि मगच बटण. तीन मिनिटांत दिवा हिरवा झाला. मी चिठ्ठी पुढे ओढली. दोष लिहिला. मग बाहेर आई शेजारच्या मावशींना सांगत होती ते ऐकू आलं, “हमारे हाथ से खराब हुई, और देखो, लड़की ने बना ली,” आणि मावशी म्हणाल्या, “पापा पर गई है.” मी लिहिलं, खाऱ्या पाण्याचा थर. टेप लावली, थंड बाजूला चिकटवली, आणि झाकण बंद केलं.

त्याला आता तीन आठवडे होतील. मशीन उत्तम चालतं आणि आई त्याला हात लावत नाही. “तूच कर ग, माझ्या हाताला नको.” मी लॅबमधून सहाला येते, तेव्हा कॉफीची वेळ गेलेली असते, चारला ती पातेल्यात चहा टाकते. तेवढंच असतं तर मी कदाचित सोसून नेलं असतं. पण आता ती सगळं विचारते. मिक्सर लावू का? कूलरमध्ये हे पाणी चालेल ना? परवा मी कामावर असताना तिचा फोन आला, “इस्त्री किती वेळ तापू द्यायची ग?” चाळीस वर्षं इस्त्री करणारी बाई, बाबा. मी सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर तीन रिपोर्ट परत परत तपासले, तिन्ही बरोबर होते.

इस्त्रीवरून आठवली ती दुसरी चिठ्ठी. मी दहा वर्षांची असताना शाळेचा गणवेश इस्त्री केला आणि इस्त्री गरम असतानाच तिच्याभोवती वायर गुंडाळून ती फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी आईने प्लग लावला तर ठिणगी उडाली, घरातली लाइट गेली, आईची दोन बोटं पोळली. तुम्ही रविवारी इस्त्री उघडली आणि वितळलेली वायर माझ्यापुढे धरलीत. “कोणी ठेवली होती?” मी म्हटलं, “माहीत नाही.” तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “माहीत नाही हे कारण नसतं. चिठ्ठीवर ते लिहिता येत नाही.” मग मी कबूल केलं, आणि विचारलं, आता तुम्ही माझं नाव लिहिणार? तुम्ही म्हणालात, “जे झालं ते लिहिणार.” त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल तुम्ही मला दिली नाहीत. तुम्ही स्वतः लिहिलंत, मला न दाखवता, आणि झाकण लावलंत. त्यानंतर दहा वर्षं मी ती इस्त्री हातात घेताना समजून होते की हिच्या आत माझं नाव आहे. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी वायर मुठीपाशी तुटली तेव्हा मी मागचं झाकण उघडलं. कागद पिवळा झाला होता, पण करपला नव्हता. दोष: वायर वितळून शॉर्ट. कारण: गरम असताना गुंडाळली गेली. तसं करू नये हे मी घरात सांगितलं नव्हतं. काम: नवीन वायर. आता सांगितलं आहे. आणि तुमची सही.

मी ती चिठ्ठी तशीच परत आत लावली, पुढच्यासाठी. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही मला वाचवलंत. आता वाटतं, तुम्ही तसं काहीच केलं नाहीत; तुम्ही फक्त कारण शेवटपर्यंत शोधलंत, आणि शोधता शोधता ते तुमच्यापर्यंत आलं तेव्हा तिथे थांबून तेही लिहिलंत. मी उलटं केलं. माझ्यापर्यंत आलेलं कारण मी पाण्यावर ढकललं, आणि पाणी आईने भरलं होतं. एक दिवस या मशीनचा काहीतरी बिघाड होईल, मी इथे नसेन, पुढचा झाकण उघडेल, माझं अक्षर वाचेल आणि आईला विचारेल, माताजी, पानी कौन सा डालती हैं?

नवीन चिठ्ठीचे मी तीन कागद फाडले. पहिल्यावर कारण म्हणून लिहिलं होतं, लॅबचा फोन आला. दुसऱ्यावर, बटण चालू राहिलं, जणू ते आपोआप राहिलं. तिसऱ्यावर सगळं खरं होतं, पण इतकं लांबलं होतं की त्यात कारणापेक्षा माझं रडगाणं जास्त होतं. चौथा कागद समोर आहे. कारण: वाफेचं बटण चालू ठेवून मी खोलीबाहेर गेले, बॉयलर कोरडा तापला. पाण्याचा संबंध नाही. आधीची चिठ्ठी मीच खोटी लिहिली होती. चार ओळींत बसलं. हे पत्र मात्र आत बसणार नाही, आणि थंड बाजूलाही करपेल, म्हणून ते तुमच्या मीटरच्या डब्यात, काट्याखाली घडी करून राहील.

एक गोष्ट अजून लिहिली नाही. मला आईच्या रागाची भीती नाही. ती रागावणारच नाही. ती म्हणेल, असू दे ग, मशीन तर चालतंय ना, आणि शेंगदाणे निवडत राहील. मला भीती ही आहे की ते ऐकून मला बरं वाटेल आणि मी तेवढ्यावर थांबेन. म्हणून नुसतं सांगणार नाही. झाकण तिच्यासमोर उघडणार आहे, स्क्रू तिच्या हातात देणार आहे, जुनी चिठ्ठी तिने काढायची आणि नवी वाचून तिनेच लावायची. वाफेचं बटण कधी बंद करायचं तेही दाखवणार आहे, कारण ते मी घरात सांगितलं नव्हतं. मग पाणी तिने भरायचं, बटण तिने दाबायचं. साडेचारला दादाचा फोन येतो, त्यालाही सांगायचं आहे, तेव्हा त्याआधी झालं पाहिजे. आज शुक्रवार. उद्या मला लॅबला जायचं आहे. परवा, रविवारी, दुपारी चार वाजता.